शालनची कॅथलॅब आणि माझा साखरेचा पंप

या अंकाच्या संपादकबाई कोथरूडला माझ्याच सोसायटीत राहतात. लिफ्टमध्ये भेटल्या आणि म्हणाल्या, "मंदाताई, जन्मभर नर्सिंग केलंत, आमच्यासाठी सेवाभावावर काहीतरी लिहा." मी म्हटलं, सेवाभावावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मत्सरावर चालत असेल तर लिहिते. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. त्यांचा मजला आला आणि त्या हसत उतरल्या. मी मात्र घरी जाऊन लिहायलाच बसले.

मत्सर कुणाचा ते आधीच सांगून टाकते. शालनचा. शालन आणि मी नर्सिंगला एका वर्गात, हॉस्टेलला एका खोलीत आणि पुढे नोकरीला पुण्यातल्या एकाच हॉस्पिटलात. तिची टोपी कायम सरळ आणि माझी कायम कलती. मला तीनदा सुई टोचूनही जी शीर सापडत नसे, ती शालनला नुसत्या बोटाने चाचपून सापडायची, आणि वर ती पेशंटला म्हणायची, "अहो, झालं पण." ते "झालं पण" ऐकलं की आजही माझ्या पोटात दुखतं. मैत्रीण चांगली होती. मुलाच्या बारावीच्या वेळी माझ्या नाइट ड्यूट्या तिने घेतल्या. पण मैत्रीण चांगली असली की मत्सर कमी होतो हे कुणी सांगितलं? उलट तिच्याबद्दल वाईट बोलायची सोय राहत नाही, त्यामुळे तो आतल्या आत वाढतो.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शालन कॅथलॅबची इनचार्ज झाली. कॅथलॅब म्हणजे जिथे हृदयाच्या नळ्या तपासतात, स्प्रिंगा बसवतात ती खोली. तिथे उत्तम एसी, भिंतीएवढे पडदे, काचेपलीकडे हात जोडून उभे असलेले नातेवाईक. क्ष-किरण अडवणारा शिशाचा जड एप्रन घालून शालन तिथून बाहेर आली की लढाईवरून आल्यासारखी दिसायची. आणि मी कुठे? मी मधुमेहाच्या रेगे मॅडमच्या हाताखाली, तळमजल्यावर, धुण्याच्या चादरी ठेवतात त्या खोलीच्या शेजारी. माझ्याकडे एक खाट, दोन पंप, एक गरम पेटी आणि एक खुर्ची. खुर्चीचा एक हात तुटलेला. अर्ज करून दमले, ती बदलून मिळाली नाही.

माझं काम काय होतं हे माझ्या नवऱ्यालाही कधी नीट कळलं नाही, म्हणून सविस्तर सांगते. मधुमेहात पुष्कळांच्या अंगात इन्सुलिन असतं, पण शरीर त्याचं ऐकत नाही. किती ऐकतं, हे मोजायची एक चाचणी आहे. तिला आम्ही क्लॅम्प म्हणत असू. पेशंटने उपाशीपोटी सकाळी यायचं. एका हातातून इन्सुलिन ठरलेल्या गतीने सोडायचं. इन्सुलिन गेलं की रक्तातली साखर उतरायला लागते, म्हणून त्याच हातातून साखरेचं सलाईनही सोडायचं. दुसरा हात गरम पेटीत ठेवायचा, म्हणजे त्या हातातलं रक्त तपासायला योग्य होतं. दर पाच मिनिटांनी थोडं रक्त काढायचं, शुगर बघायची आणि साखरेचा पंप किंचित वर किंवा किंचित खाली करायचा. शुगर एका ठरलेल्या आकड्यावर स्थिर राहिली पाहिजे. दूध उतू जाऊ द्यायचं नाही आणि गॅसही बंद करायचा नाही, असं तीन-साडेतीन तास. शेवटी बघायचं, शुगर जागच्या जागी ठेवायला किती साखर द्यावी लागली. जास्त लागली तर शरीर इन्सुलिनचं छान ऐकतं आहे. कमी लागली तर ऐकत नाही.

या कामात माझा हात बसला होता. रेगे मॅडम म्हणायच्या, "मंदाताईंची रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी येते." पण ती रेघ बघायला काचेपलीकडे कुणी उभं नसायचं. पेशंटला भूक लागलेली असायची, लघवीची घाई असायची आणि हात पेटीत घामेजलेला असायचा. घरी जाताना तो एवढंच म्हणायचा, "सिस्टर, आता चहा मिळेल का?"

अशात शालनच्या साहेबांनी नवीन प्रकार आणला. हृदयाचे मोठे डॉक्टर, आपण त्यांना इनामदार सर म्हणू. बीपीच्या चार-चार गोळ्या खाऊनही ज्यांचं बीपी उतरत नाही अशा लोकांसाठी ही प्रक्रिया. जांघेतल्या धमनीतून एक बारीक तार मूत्रपिंडाच्या धमनीपर्यंत न्यायची. त्या धमनीभोवती मज्जातंतूंचं जाळं असतं. तारेच्या टोकाने आतून उष्णता देऊन ते मज्जातंतू जाळायचे. फाडणं नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी माणूस घरी. हे मज्जातंतू मेंदूला सारखे सांगत असतात की शरीरावर संकट आहे, मग मेंदू रक्तवाहिन्या आवळून धरतो आणि बीपी चढतं. ते गप्प झाले तर बीपी थोडं उतरतं. कुणाचं बरंच, कुणाचं काहीच नाही.

इथवर माझा संबंध नव्हता. पण सरांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. अंगातली ही संकटाची बोंब थांबली तर शरीर इन्सुलिनचंही जास्त ऐकेल, म्हणजे बीपीबरोबर शुगरही सुधारेल. बाहेर कुठेकुठे थोड्या लोकांवर करून तसं दिसलंय, असं ते म्हणत. रेगे मॅडम म्हणाल्या, "दिसलंय म्हणू नका, मोजून बघू." म्हणून ठरलं, की ज्यांची ही प्रक्रिया होईल त्यांची प्रक्रियेआधी एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा क्लॅम्प करायची. शालन वर मज्जातंतू जाळायला मदत करणार आणि त्याने शुगरचं काही भलं झालं का, ते मी खाली बसून सांगणार. मला हे वाटप फार आवडलं. जन्मात पहिल्यांदा शालनच्या पेपराला मार्क देण्याचं काम माझ्याकडे आलं होतं.

सुरुवातीलाच पेपरात फोटो आला. सर मध्ये, मागे एप्रनमधली शालन. चाचणीबद्दल एक ओळ होती, त्यात ना क्लॅम्पचं नाव, ना तळमजल्याचं. सोसायटीतल्या चौघीजणींनी मला फोटो दाखवला, "ही तुमच्याच हॉस्पिटलातली ना?" तो पेपर मी डाळींच्या डब्यांखाली अंथरला, फोटोची बाजू खाली करून.

पहिल्या पेशंटांत एक पोपटशेठ होते. मार्केट यार्डातले गुळाचे आडते. आयुष्य भाव करण्यात गेलेलं, त्यामुळे माझ्याशीही भाव केला. "सिस्टर, दर पाच मिनिटांनी रक्त कशाला, दर पंधरा मिनिटांनी काढा. तुमचंही काम वाचेल, माझंही रक्त वाचेल." मी म्हटलं, "शेठ, हे यार्ड नाही." तर म्हणाले, "मग दहा करा." त्यांची क्लॅम्प झाली. शरीर इन्सुलिनचं अगदीच ऐकत नव्हतं. चार दिवसांनी वर शालनकडे त्यांची प्रक्रिया झाली.

दोन-तीन महिन्यांत पोपटशेठ हॉस्पिटलभर सांगत सुटले. बीपी उतरलं, गोळी एक कमी झाली आणि उपाशीपोटीची शुगरही उतरली. कॅथलॅबला त्यांनी गुळाची अख्खी ढेप पाठवली. मला काय? मी कॉरिडॉरमध्ये भेटले तर म्हणाले, "सिस्टर, तुमचा राग नाही हां. पण तुम्ही नुसती साखर चढवत होतात, उतरवली ती शालन सिस्टरनी." हे माझ्या तोंडावर. मी हसले. इतकी हसले की गाल दुखले.

शालनने तो गूळ फोडून सगळ्यांना वाटला, खाली मलाही पुडीत आणून दिला आणि माझ्यासमोर एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला. मी बघत राहिले, कारण शालनला मधुमेह होता. बरीच वर्षं होता, बीपीही होतं. गोळ्या वाढत वाढत पार शेवटच्या पायरीला आल्या होत्या. रेगे मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, आता इन्सुलिन घ्यायला हवं. ती घेत नव्हती.

"गूळ खातेस?" मी विचारलं.

"खडाभर तर आहे. आणि आता काय, सरांशी बोलून ठेवलंय मी. या पेशंटांचं झालं की माझा नंबर. बीपीपण जाईल आणि शुगरपण. बघितलंस ना पोपटशेठचं?"

"तोवर इन्सुलिन घे की."

"नको गं. तू आईला बघितलं होतंस."

बघितलं होतं. शालनच्या आईला इन्सुलिन सुरू झालं आणि वर्ष-दीड वर्षात तिची दृष्टी गेली. ती इन्सुलिनमुळे गेली नव्हती. इन्सुलिन फार उशिरा सुरू केलं, तोवर डोळ्यांचं नुकसान होऊन गेलं होतं. ही गोष्ट शालन आमच्या वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटला शांतपणे समजावून सांगायची, मी स्वतः ऐकलंय. पण स्वतःची वेळ आली की ती आईची मुलगी व्हायची. सुई म्हणजे शेवट, असं तिच्या मनात पक्कं बसलेलं. माझ्यासारखी नर्स होऊनही. आम्ही नर्सा दुसऱ्याच्या बाबतीत फार शहाण्या असतो.

त्या वेळी मला तिची काळजी वाटली असं लिहिलं तर छान दिसेल. पण वाटला तो मत्सरच. मनात आलं, हिला शुगर झाली तरी हिच्यासाठी तार हजर, सर हजर. माझे गुडघे गेले तर मला कोण विचारतं?

सहा महिन्यांनी पोपटशेठ पुन्हा माझ्या खाटेवर आले. त्या दिवशी मी जशी क्लॅम्प केली तशी नोकरीत कधी केली नाही. चहा घेतला नाही, फोन बंद ठेवला. शेठ म्हणाले, "सिस्टर, आज फार गप्प?" मी म्हटलं, "मोजतेय." उपाशीपोटीची शुगर त्यांची खरोखरच कमी होती. पण क्लॅम्प पुढे सरकली तसं माझ्या लक्षात यायला लागलं. पंप वर जातच नव्हता. शरीर साखर पीतच नव्हतं. मॅडमनी हिशेब केला आणि चष्मा काढून म्हणाल्या, "होतं तिथेच आहे. सुधारणा नाही."

"मग शुगर का उतरली?" मी विचारलं.

मॅडमनी शेठना विचारलं, या सहा महिन्यांत काय बदललं. शेठ बोटांवर मोजत सांगायला लागले. प्रक्रियेनंतर घाबरून रात्रीचा भात सोडला. बायकोने यार्डात जाणारा डबा बदलला. आमच्या अभ्यासात असल्यामुळे हॉस्पिटलातून फोन यायचे, त्यामुळे गोळ्या चुकल्या नाहीत. सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जायला लागले, कारण मज्जातंतू जाळून घेतलेला माणूस म्हणून तिथे त्यांना मान होता. मॅडम म्हणाल्या, "शेठ, शुगर तुमच्या वागण्याने उतरली. तारेने नाही. शुगरच्या गोळ्या सोडायच्या नाहीत." शेठचा चेहरा पडला. आठवड्यापूर्वीच त्या गोळ्या त्यांनी मनाने निम्म्या केल्या होत्या, ते तेव्हा कळलं.

मला काय झालं ते सांगते. आनंद झाला. लाजेकाजेचा नाही, चांगला घसघशीत आनंद. मी जिना चढून कॅन्टीनला गेले. शालन तिच्या दोन मुलींबरोबर, म्हणजे हाताखालच्या नर्सेसबरोबर, चहा पीत होती. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "शालन, तुमच्या पोपटशेठची क्लॅम्प झाली. काडीचा फरक नाही. गूळ परत करा आता."

मुली हसल्या. शालन हसली नाही. तिने कप खाली ठेवला.

"मंदा, तुला माझं बरं झालेलं कधी बघवलंय का?"

"यात तुझं काय आलं? आकडा आहे तो."

"आकडा तूच काढलास ना? हात चालला नसेल तुझा नीट."

माझ्या हाताबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. इनामदार सरही नाही. ते एवढंच म्हणाले की एका पेशंटवरून काही ठरत नाही, आणि ते बरोबरच होतं. पण शालन बोलली. माझ्या तोंडाला काय काय आलं होतं. पण ती उठून जायला लागली आणि मला तिची चाल दिसली. डावा पाय ती टेकवत नव्हती, कडेवर टाकत होती. एप्रनचं वजन घेऊन दिवसभर उभं राहून टाचेला फोड आला होता आणि तो चिघळला होता. मोज्याच्या आत कापूस दिसत होता. मधुमेहाच्या वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर असा पाय ओळखायला जवळ जावं लागत नाही.

मी तिच्या मागे गेले. "केव्हापासून आहे हे?"

"होईल बरं. माझी प्रक्रिया झाली की शुगर उतरेल, मग भरेल जखम."

"अगं, प्रक्रियेने शुगर नाही उतरत. आत्ता मोजलं ना."

"तू मोजलंस," शालन म्हणाली.

तिथे माझी खरी पंचाईत झाली. हयातभर मी तिच्यावर जळले आणि ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता मी खरं सांगत होते, तिच्या पायाचा प्रश्न होता आणि नेमकं माझ्याच तोंडून आलेलं म्हणून ती ते खोटं धरत होती. आणि ज्या सुरात मी ते कॅन्टीनमध्ये सांगितलं, तो सूर ऐकून तिने खोटं धरलं तर तिची काय चूक? रेगे मॅडमनी सांगून बघितलं. शालन म्हणाली, "मॅडम, तुम्ही आकडा बघता, काढते ती." सगळ्या पेशंटांचं होईपर्यंत थांबायचं तिने ठरवलं होतं. तोवर टाच थांबली नसती.

दोन दिवस माझा नुसता जळफळाट झाला. तिच्यावरही आणि माझ्यावरही. तिसऱ्या दिवशी मी कॅथलॅबच्या दारात जाऊन उभी राहिले. आत जायला मला बंदी नव्हती, पण मी कधी जात नसे, ती चकाचक खोली डोळ्यांत खुपायची म्हणून.

"शुक्रवारी हवालदारांची दुसरी क्लॅम्प आहे," मी म्हटलं. "तू ये. पंप तू चालव."

"मला कुठे येतो तुझा पंप?"

"मी शेजारी बसते. सांगते. हात तुझा. मग म्हण माझा हात चालला नाही म्हणून."

 शुक्रवारी शालन रजा टाकून खाली आली. मॅडमची परवानगी मी आधीच घेतली होती. आधीचा आकडा मला आठवत होता. पण मॅडमनी मला बजावलं की तो तिला सांगायचा नाही, चेहऱ्यावरूनही नाही.

हवालदार म्हणजे येरवड्याच्या तुरुंगातून निवृत्त झालेले गृहस्थ. मूळ मुळशीकडचे. मिशा मोठ्या आणि सुईची भीती त्याहून मोठी. खाटेवर आडवे झाले आणि म्हणाले, "बाई, जलमभर दुसऱ्याला कोंडलं, आता तुमी मला कोंडताय व्हय?"

"तीन तासांत सुटका," मी म्हटलं.

"चांगल्या वागनुकीची सूट न्हाय?"

शालनने त्यांची शीर शोधली. बोटाने चाचपलं, सुई गेली. हवालदारांना कळलंही नाही. "झालं पण," शालन म्हणाली. मी खिडकीकडे बघितलं.

पहिला तास तिचा गोंधळ झाला. शुगर खाली यायला लागली की ती घाबरून पंप एकदम वाढवायची. मग शुगर वर, मग पंप एकदम कमी. मी म्हणत होते, "थोडं थोडं. भाजीत मीठ घालतेस ना, तसं." ती म्हणाली, "गप बस, कळलं." कॅथलॅबमध्ये सगळं सेकंदात करायचं असतं. इथे घाई केली की बिघडतं, हे तिच्या हाताला कळायला वेळ लागला. पण कळलं. दुसऱ्या तासाला तिची रेघ सरळ व्हायला लागली आणि तिसऱ्या तासाला माझ्याइतकी सरळ झाली. मला जी यायला वर्षं लागली ती हिला एका सकाळी. हवालदार कौतुकाने बघत होते. "ह्या बाईंचा हात लई हलका हाय," ते मला म्हणाले. मला. सहा महिन्यांपूर्वी सुई माझ्या हातात होती, तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले होते.

पण माझं लक्ष रेघेवर कमी आणि शालनवर जास्त होतं. दर पाच मिनिटांनी शुगर आली की तिचं बोट पंपाच्या बटणावर जायचं आणि थांबायचं. तिला पंप वाढवायचा होता. पंप वाढला असता तर शरीर साखर पितंय असं झालं असतं, तार उपयोगाची ठरली असती, तिची सुई टळली असती. नुसतं बटण दाबायचं होतं. मी शेजारीच बसले होते. पण शुगर जागेवर होती आणि पंप वाढवायला कारण नव्हतं. तिने एकदाही उगीच वाढवला नाही. हे मला तिच्याबद्दल कुणालातरी सांगायचं होतं, म्हणून इथे लिहिते आहे.

चाचणी संपली. हवालदारांना जेवण दिलं, ते मिशा पुसत निघून गेले. मॅडम आल्या, हिशेब केला, संगणकात आधीचा आकडा बघितला. मग पडदा शालनकडे वळवला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते. आधीचा माझ्या हातचा, आताचा तिच्या हातचा.

"बीपी त्यांचं उतरलंय," मॅडम सावकाश म्हणाल्या. "तो उपयोग आहे. पण इन्सुलिनच्या बाबतीत शरीर होतं तसंच आहे." पुढे सगळ्या पेशंटांचे आकडे एकत्र आले तेव्हाही हेच दिसलं. बाहेरही पुढे नीट मोजून बघितलं तेव्हा पुष्कळ ठिकाणी असंच निघालं, असं मॅडम सांगत. कुणी अजून शोधत असतील, शोधू देत. आमच्या तळमजल्यावर जे दिसलं ते मी सांगितलं.

मॅडम गेल्या. शालन तुटक्या हाताच्या खुर्चीत बसून राहिली. मी पंप पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते. हयातभर मला शालनला हरलेलं बघायचं होतं. ती माझ्यासमोर बसली होती, पाय पुढे करून, मोजा उतरवलेला, आणि मला ते बघवेना.

"आई गेली तेव्हा तिला माझा चेहरा दिसत नव्हता," ती म्हणाली. "हात लावून ओळखायची."

"तुझे डोळे अजून चांगले आहेत, शालन. आत्ता सुरू केलंस तर डोळे राहतील. पायही राहील."

 ती म्हणाली, "मंदा, खरं सांग. आनंद झाला ना तुला?"

"पोपटशेठच्या वेळी झाला."

"आणि आज?"

"आज तुझी रेघ माझ्याइतकी सरळ आली, त्याचा राग आला."

ती हसली. हसताहसता तिचे डोळे भरून आले, आणि ते तिने बाहीने पुसले. मी वर जाऊन मॅडमकडून मात्रा लिहून आणली. फ्रिजमधून इन्सुलिन काढलं. दुसऱ्याला हजारो इंजेक्शनं देणारी शालन पोटाची चिमूट धरून बसली आणि तिला सुई धरता येईना.  

"तू दे," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

मी दिलं. बारीक सुई, पापणी लवायच्या आत आत जाऊन बाहेर आली. शालन डोळे मिटूनच बसली होती, अजून व्हायचंय असं समजून. मी सुई डब्यात टाकली आणि कापूस तिच्या हातात दिला.

"झालं पण," मी म्हणाले.